फेफऱ्याच्या औषधाची नावं

"हिला दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत. आत सांगू का नको?"

सोनाबाईने मला हे ओसरीच्या खांबाआड, तोंडावर पदर धरून विचारलं. तिच्या पाठीवर तिची मुलगी मंजुळा होती. अकरा वर्षांची पोर, पाठीवर घेण्याचं वय नव्हे. पण वाटेत ओढ्यापाशी तिला फेफरं आलं आणि तिथून आईने तिला तशीच उचलून आणली होती. पोरीचे डोळे अर्धवट मिटलेले होते. जीभ एका बाजूने चावलेली, हनुवटीवर लाळ सुकलेली.

सत्तावन्न सालचा मार्गशीर्ष. रविवार होता. आमच्या कुंभेशीच्या घरी दर रविवारी फेफऱ्याचं औषध मिळत असे. आता सगळे फिट म्हणतात, तेव्हा फेफरं म्हणत. औषध द्यायच्या माझ्या सासूबाई, ठकूबाई. मी त्यांना आमच्याकडच्या रीतीने आत्याबाई म्हणे. मी एकवीस वर्षांची होते, लग्नाला तीन वर्षं झाली होती, मालक पलटणीत होते. मी सातवी पास होते आणि आमच्या वाडीत तेवढं शिकलेली बाई दुसरी नव्हती. म्हणून ओसरीवर बसून आलेल्याचं नाव, गाव, वय लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्या वहीचा मला फार अभिमान होता.

आत्याबाई आत माजघरात बसत. लोक म्हणत त्यांच्या औषधाला गुण आहे. असेल. पण मला त्यांचं विचारणं बघायला आवडे. त्या आधी रोग्याकडे बघतच नसत, घेऊन आलेल्याकडे बघत. फेफरं यायच्या आधी काय होतं? पोर एकटक बघते का, ओठ चाटते का? आधी कुठला हात ओढतो? धोतरात लघवी होते का? उठल्यावर माणूस ओळखतो का? लोकांना वाटे, एवढं कशाला, पुडी द्या. आत्याबाईंना घाई नसे. एकदा आमच्याच दारात एका माणसाला झटका आला. चार जण त्याच्या छातीवर बसले, पाचवा चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरायला धावला. आत्याबाई बाहेर आल्या. "पायताण पायात घाल," त्या म्हणाल्या. "त्याला वासच येत असता तर तुमच्यातनं उठून पळून गेला नसता का?" मग त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर दिला आणि नुसत्या बसून राहिल्या. प्रत्येक बाईला त्या सांगत, पोरीला चुलीपाशी आणि विहिरीवर एकटीला धाडू नको. कितीतरी पोरी त्या एका वाक्याने वाचल्या असतील.

औषध त्यांच्या सासूकडून त्यांच्याकडे आलं होतं. लेकीला द्यायचं नाही, लेक परक्या घरी जाते. सुनेला द्यायचं, तेही ग्रहणात, नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून कानात सांगायचं. दुसऱ्या कुणासमोर वनस्पतीचं नाव उच्चारलं की त्या हाताचा गुण जातो, अशी पक्की समजूत. शनिवारी संध्याकाळी आत्याबाई अक्षता आणि सुपारी घेऊन जात आणि झाडांना आमंत्रण देऊन येत, उद्या तुम्हाला न्यायला येते म्हणून. मला सोबत नेत नसत. त्या डोंगराकडे वळताना दिसत. वर कड्याच्या कपारीत एखादी मुळी असणार, जगात दुसरीकडे कुठे नसलेली, अशी माझी खात्री होती. पुढच्या ग्रहणात ते नाव माझ्या कानात पडणार होतं. मी पंचांग चाळत असे.

आणि आत्याबाईंचा एक नियम होता. एका तोंडात दोन औषधं नकोत. दवाखान्याचं चालू असेल तर त्या त्याला हात जोडून परत पाठवत. म्हणत, आधी त्यांचं पुरं कर, मग माझ्याकडं ये.

त्या रविवारी मी सोनाबाईकडे बघितलं. ती सावरदऱ्याची, सात कोस चालून आलेली. म्हणाली, दोन वर्षं झाली गोळ्यांना. फेफरं कमी झालं, पण गेलं नाही. आणि पोर दिवसभर पेंगते. शाळेत पाटी हातात धरून झोपते, म्हणून मास्तरांनी घरी बसवली. मंजुळाने मान उचलून माझ्या वहीकडे बघितलं आणि पुन्हा आईच्या खांद्यावर टेकवली.

मला दया आली. आणि खरं लिहायचं तर नुसती दया नव्हती. आमच्या औषधापुढे त्या गोळ्या म्हणजे काय, असंही वाटलं.

"सांगितलंत तर औषध मिळणार नाही," मी म्हणाले. "गोळ्या आजपासून बंद करा. आत विचारलं तर नाही म्हणा."

तिने पदराची गाठ सोडून गोळ्यांची पुडी माझ्या हातात दिली. तिच्या घरी राहिली तर मोह होईल म्हणाली. मी ती पाणी तापवायच्या चुलीत टाकली. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

आत आत्याबाईंनी विचारलंच. सोनाबाईने एकदा दाराकडे, माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणाली. औषध मिळालं. पथ्य मीच समजावून सांगितलं.

गुरुवारी सकाळी सोनाबाईचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. बैलांच्या तोंडाला फेस होता. बुधवारी दिवसभर पोरीला फेफरं येतजात होतं, म्हणाला, आणि आज पहाटेपासून थांबतच नाही. गाडीत सोनाबाई मंजुळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने पोरीच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला होता आणि गाडीभर कांद्याचा वास येत होता.

आत्याबाईंनी ओसरीवरूनच विचारलं, "मधी डोळं उघडती का?"

"न्हाई."

"पाणी गिळती?"

"न्हाई. काल तुमचंबी दिलं होतं, ते उलटून बाहेर आलं."

"मग माझ्या दारात का आणलीस? गाडी तालुक्याला वळव," त्या म्हणाल्या, आणि पायात काही न घालता गाडीत चढल्या. मलाही चढायला सांगितलं.

ते तीन तास मी विसरलेले नाही. आत्याबाईंनी किल्ल्या काढून गाडीच्या कोपऱ्यात टाकल्या, पोरीला कुशीवर वळवलं आणि तिच्या गालाखाली आपला तळहात ठेवला. रस्ता खडीचा होता. गाडी आदळली की तो हात आधी आदळे. तालुक्यात पोचेपर्यंत हाताची मागची बाजू सोलून निघाली होती. मधे त्यांनी सोनाबाईला विचारलं, "पथ्यात काय वावगं झालं का?" सोनाबाई रडू लागली. "दुसरं काय दिलंत? कुणी भगत? आणखी कुणी काही?" सोनाबाईने माझ्याकडे बघितलं. मी गाडीबाहेर बघत होते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर धारप म्हणून होते. तरुण, बारीक अंगाचे, आवाज मात्र करडा. पोरीला बाकावर घेतली तेव्हा तिचं अंग लाकडासारखं ताठलं होतं. त्यांनी पापणी वर केली, नाडी धरली आणि किती वेळ चाललंय हे विचारलं. मामा आणि आई एकदम बोलायला लागले. कुणालाच काही धड सांगता येईना.

"कुंभेशीपासून हितवर नऊ झटके," आत्याबाई म्हणाल्या. "परत्येक बारी आधी उजवा हात, मग तोंड त्याच अंगाला, मग सगळं आंग. एकदाबी डोळं उघडलं न्हाईत. वाटंत ओकली, ती म्या कुशीवर धरली होती, छातीत गेलं नसंल."

डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे बघितलं. मग पोरीकडे. "ही मंजुळा ना? ही तर आमच्याकडचीच. गोळ्या चालू होत्या हिला."

त्यांनी सोनाबाईकडे बघितलं.

"गोळ्या चालू आहेत ना?"

सोनाबाईची मान खालीच होती. मग ती हळूच वर झाली आणि तिचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. आत्याबाईंनी ते बघितलं. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मी भिंतीला टेकून उभी होते, माझ्या तोंडावर काय होतं मला ठाऊक नाही. पण त्यांना वहीत लिहिल्यासारखं वाचता आलं असणार, त्यांना अक्षर येत नव्हतं तरी.

"बंद केल्या," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "म्या बंद करायला सांगितल्या. ठकूबाई म्हंत्यात ती मीच."

डॉक्टर जे बोलले ते हळू बोलले नाहीत. या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात. एकदम तोडल्या की दडपून ठेवलेलं सगळं एकदम उसळतं. पोर दगावली तर ते तुमच्या माथी. दारात वीसेक माणसं गोळा झाली होती, त्यातले निम्मे तरी आत्याबाईंना ओळखत होते. त्या पदर सारखा करून ऐकत राहिल्या. "व्हय साहेब. चुकलं," एवढंच म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात डॉक्टरांनी पुढचं विचारलं. "तुम्ही काय दिलंत? आता मला हिला झोपेचं मोठं इंजेक्शन द्यायचंय. पोटात आधीच गुंगीचं काही असलं तर श्वास बंद पडेल. धोतरा आहे? अफू? गांजा?"

"तसलं काय न्हाई."

"तसलं नाही ते सगळेच सांगतात. मला नावं पाहिजेत. एकूण एक."

कंपाउंडर सुई उकळत होता, भांड्याचं झाकण थडथडत होतं. मंजुळाचा उजवा हात पुन्हा ओढायला लागला. आत्याबाईंनी एकदा दारातल्या गर्दीकडे बघितलं. मला वाटलं त्या म्हणतील, सगळ्यांना बाहेर काढा. किंवा डॉक्टरांना म्हणतील, कान इकडे करा. तेवढा वेळ नव्हता.

"अनसू, लिही," त्या म्हणाल्या. "तुला साहेबास्नी वाचता यील आसं लिवता येतंय."

कंपाउंडरने माझ्यापुढे एक केसपेपर आणि शिसपेन्सिल टाकली. आत्याबाईंनी मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं. ब्राह्मी, आपल्या ओढ्याच्या कडेची, पाल्याचा रस. वेखंड, सहाणेवर उगाळून. मध. आणि कोहळा. आपल्या गोठ्यावरच्या वेलाचा, जून, पांढरी भुकटी धरलेला.

मी लिहायची थांबले. "कोहळा?"

"कोहळा. लिही."

त्या वेलाच्या कोहळ्यांचे सांडगे मी तीन वर्षं घालत होते. सोलून, खिसून, मिरची लावून. कड्याची कपार, जगात दुसरीकडे नसलेली मुळी, काही नव्हतं. डोंगराकडे त्या जात त्या ओढ्याच्या उगमापाशी ब्राह्मी चांगली येते म्हणून. जे मला पाण्यात उभं राहून कानात मिळायचं होतं ते मी दवाखान्याच्या कागदावर, वीस माणसांच्या समोर, शिसपेन्सिलीने लिहीत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. प्रमाणं सांगितली, तीही लिहिली. डॉक्टरांनी कागद वाचला.

"एवढंच?"

"एवढंच. पोरीच्या गळ्याची आन."

"ठीक. यात अडचण नाही." आणि त्यांनी सुई भरली. त्या औषधाला असा उग्र वास होता की दारातली माणसं आपोआप मागे सरली.

आम्ही व्हरांड्यात बसलो. सोनाबाई उठून आत जाई, बाहेर येई. आत्याबाईंनी आपला सोललेला हात मांडीवर उताणा ठेवला होता. एक म्हातारी त्यांच्या जवळ आली आणि म्हणाली, ठकूबाई, अहो सगळ्यांच्या देखत सांगून टाकलंत, आता कसं व्हायचं? आत्याबाई म्हणाल्या, पोरीचं काय होतंय ते बघू आधी, औषधाचं मागनं बघता येईल.

दुपारी चारच्या सुमाराला मंजुळाने डोळे उघडले. कुणालाच न ओळखल्यासारखी ती छताकडे बघत राहिली. मग तिचा हात डोक्याकडे गेला. "आयं," ती जड जिभेने म्हणाली, "माझी येणी कुणी सोडली?"

सोनाबाई जमिनीवर बसली ती उठेचना. डॉक्टर हसले. आम्ही निघताना त्यांनी आत्याबाईंना थांबवलं. म्हणाले, "बाई, मी इथे आल्यापासून झाडपाल्याचे निदान शंभर रोगी बघितले. काय दिलंत म्हणून विचारलं तर एकानेही कधी नाव सांगितलं नाही. आणि किती झटके आले, कुठला हात आधी, हे तर आमचे शिकलेले लोकही सांगत नाहीत."

आत्याबाईंनी नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघीच होतो, पुढे सोनाबाईचा भाऊ. ऊन उतरलं होतं. मी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. खांबाआड काय बोलले, पुडी चुलीत टाकली तेसुद्धा.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "ओसरीवर तू बसतीस, मी न्हवं."

"मग तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"नेम कुणाचा? माझा. त्या बाईला खोटं बोलावं लागलं ते माझ्या नेमापायी. सात कोस चालून आलेल्या माणसाला म्या परत धाडायची, मग ती खोटं बोलंल न्हाईतर काय करंल?" त्यांनी सोललेला हात पदरात गुंडाळला. "आणि तुझं नाव सांगितलं असतं तर हितनं पुढं बाया तुला कशाला काय सांगतील? म्हंतील, हिला सांगितलं की पोरगी मरती."

"पण आता तुमच्या हाताचा गुण गेला."

"ग्येला आसंल," त्या म्हणाल्या. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता, हे मला तेव्हा कळलं. मला धीर द्यायला त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. चाळीस वर्षं जे जपलं होतं ते गेलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्यांनी ते दिलं होतं.

शनिवारी संध्याकाळी त्या झाडांना आमंत्रण द्यायला गेल्या नाहीत. रविवारी माणसं नेहमीसारखी आली. तालुक्याची बातमी बऱ्याच जणांपर्यंत पोचली होती, पण आली. ओसरीवर नऊ बायका आणि एक म्हातारा होता. आत्याबाई आत होत्या. सगळ्यांना एकदम बोलावून औषध आता बंद झालं म्हणून सांगणार होत्या. मी वही घेऊन बसले. पहिल्या बाईच्या मुलाचं नाव लिहिलं. तिने इकडेतिकडे बघितलं, माझ्याजवळ सरकली आणि कानाशी लागून म्हणाली, "ह्याला तालुक्याच्या गोळ्या चालू हायती. आत सांगू नका."

माझ्या हातातली पेन्सिल तिथेच राहिली. मग मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून ते बोलता आलं नसतं.

मी म्हणाले की सावरदऱ्याच्या मंजुळाच्या गोळ्या ठकूबाईंनी बंद केल्या नाहीत. त्यांना ठाऊकही नव्हत्या. मी बंद करायला सांगितल्या, मी चुलीत टाकल्या आणि तिच्या आईला खोटं बोलायला लावलं. पोर वाचली ती माझ्यामुळे नाही. ज्यांना माझ्याकडे नाव सांगायचं नसेल त्यांनी सांगू नका.

माजघराचा पडदा सरला आणि आत्याबाई उंबऱ्यात आल्या. मला वाटलं त्या रागावतील. मी त्यांचा शब्द त्यांच्याच दारात मोडला होता.

त्या बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी ओसरीवर बसल्या. त्या जागी त्या याआधी कधी बसल्या नव्हत्या. माझ्या शेजारच्या बाईची खाली गेलेली मान बघून त्यांनी तिला विचारलं, "कवापास्नं चालू हाय गोळी?"

"दिवाळीपास्नं," ती म्हणाली.

"थांबवू नगंस. ह्या पोरीला सांग, झटका कसा येतो, आधी काय हुतं. ती कागदावर लिवून दील. तो डाक्टरला दाव."

मग तिच्या मागची एक बाई हळूच म्हणाली, की तिच्या जावेच्या मुलालाही चालू आहेत. तिसरीने सांगितलं, गोळ्या नाहीत पण एका भगताची राख चालू आहे. मी लिहीत गेले. पुढे अकरा वर्षं, आत्याबाई गेल्या तोपर्यंत, मी त्या ओसरीवर असे कागद लिहिले आणि डॉक्टर धारप ते उघडून वाचत, पण त्या सकाळी मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं की माझी पेन्सिल पुरत नव्हती.

सगळ्यात शेवटी तो म्हातारा राहिला. नातवाला घेऊन तो दिवाळीपासून सारखा येत होता. आत्याबाईंनी त्याला दरवेळी विचारलं होतं आणि तो दरवेळी नाही म्हणाला होता. त्याने डोक्याचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"ठकूबाई," तो म्हणाला, "आमचंबी दोन वर्सं चालू हाय."

आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितलं, थोड्या बाजूला सरकल्या आणि त्याला बसायला जागा करून दिली.

"बसा दादा," त्या म्हणाल्या. "आता पयल्यापास्नं सांगा."